छोट्या ऑफिस पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी डबा मोजा, मग कार्ड बघा

कंपन्यांमधून परत आलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे छोटे डेस्कटॉप सध्या रिफर्बिश्ड म्हणून सगळीकडे मिळतात, दणकट असतात, वीज कमी खातात आणि टेबलावर जागाही अडवत नाहीत. इंजिनीअरिंगची पोरं ऑटोकॅडसाठी घेतात, कुणी व्हिडिओ एडिटिंगसाठी, कुणी गेमिंगसाठी, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, यात ग्राफिक्स कार्ड कुठलं बसेल? दुकानदाराला विचारलं तर तो त्याच्याकडे जे पडलंय ते सांगतो, व्हिडिओ बघितले तर तिथे सगळे मोठ्या कॅबिनेटवाले. मी या सगळ्यातून गेलोय, अशा डब्यांमध्ये कार्डं बसवलीत, काढलीत, म्हणून एकदा नीट क्रमाने लिहून ठेवतो.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. छोट्या पीसीत कार्ड तुम्ही निवडत नाही, डबा निवडतो. उंची, जाडी आणि वॅट या तीन गोष्टींनी यादी इतकी छोटी होते की शेवटी तीन-चारच नावं हातात राहतात. म्हणून बेंचमार्क (कार्डांच्या वेगाचे तुलनात्मक आकडे) बघायच्या आधी खालचे टप्पे करा.

आधी हे जवळ ठेवा

- मिलिमीटरच्या खुणा असलेली फुटपट्टी
- स्टार स्क्रू ड्रायव्हर (डेल-एचपीचे बरेच डबे स्क्रूशिवाय उघडतात, पण कार्डाच्या पट्टीला कधीकधी लागतो)
- मोबाइल, आतले फोटो काढायला, हेच फोटो दुकानात दाखवायचे आहेत
- पीसीचा पूर्ण मॉडेल नंबर, डेल असेल तर सर्व्हिस टॅग (डब्यावरच्या स्टिकरवरचा कोड)
- सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड (प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारे प्रोग्राम), दोन्ही फुकट आहेत
- पीसीचं बिल आणि वॉरंटीचा कागद, कारण काही रिफर्बिश्ड विक्रेते डबा उघडला की वॉरंटी देत नाहीत, ते आधी विचारून घ्या

१. तुमचा डबा नक्की कुठला ते ओळखा

एकाच मॉडेल नंबरचे तीन-तीन आकार येतात. ऑप्टिप्लेक्स ७०५० म्हटलं तर त्यात मायक्रो, एसएफएफ आणि टॉवर असे तीन वेगवेगळे डबे आहेत, म्हणून नुसता नंबर सांगून कुणाला सल्ला विचारू नका.

मायक्रो, मिनी किंवा टायनी म्हणजे पुस्तकाएवढा डबा. यात बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो, त्यामुळे विषय तिथेच संपतो. अपवाद लेनोवोचा, थिंकसेंटर एम७२०क्यू, एम९२०एक्स आणि थिंकस्टेशन पी३३० टायनी यांच्यात रायझर (स्लॉट वळवून देणारा छोटा बोर्ड) टाकून एका स्लॉटचं छोटं कार्ड बसतं. पण रायझर, त्याची पट्टी सगळं वेगळं शोधावं लागतं, नवख्याने या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

एसएफएफ म्हणजे आडवा किंवा उभा ठेवता येतो तो पातळ डबा, मागे अर्ध्या उंचीच्या पट्ट्या असतात. हा लेख मुख्यतः याच्यासाठी आहे. टॉवर असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड बसतं, तुम्हाला फक्त टप्पा ३ ची काळजी करायचीय.

२. फुटपट्टी घ्या आणि मोजा

पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो, मग झाकण उघडा.

उंची: मागच्या लोखंडी पट्टीची लांबी मोजा. साधारण १२० मिमी असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड, ८० मिमीच्या आसपास असेल तर लो प्रोफाइल. लो प्रोफाइल कार्डाचा स्वतःचा बोर्ड जेमतेम ६९ मिमी उंच असतो, याच्यापेक्षा उंच कार्ड घेतलं तर झाकण लागणारच नाही. इथे एक घोळ नेहमी होतो, बुटकं आणि आखूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मिनी" किंवा "आयटीएक्स" लिहिलेलं कार्ड बहुतेक वेळा लांबीने आखूड असतं पण उंचीने पूर्णच असतं, ते एसएफएफमध्ये बसत नाही. तुम्हाला खोक्यावर "लो प्रोफाइल" हेच शब्द हवेत.

जाडी: ही सगळ्यात जास्त लोक विसरतात. दोन स्लॉटमधलं अंतर जवळपास २० मिमी असतं, म्हणजे दोन स्लॉटचं कार्ड ४० मिमीच्या आसपास जागा खातं. लांब स्लॉटच्या शेजारी, ज्या बाजूला कार्डाचा पंखा येणार त्या बाजूला, एवढी मोकळी जागा आहे का बघा. डेलच्या ७०१०, ९०२० एसएफएफमध्ये लांब एक्स १६ स्लॉट (सोळा लेनचा, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांचा) एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या युनिटला) अगदी चिकटून आहे, तिथे दोन स्लॉटचं कार्ड जातच नाही, एका स्लॉटचंच घ्यावं लागतं. तुमच्याकडे ही परिस्थिती असेल तर अर्धी यादी आत्ताच बाद झाली हे समजा.

लांबी: स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून पुढे हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किंवा डीव्हीडी ड्राइव्हपर्यंत मोजा. टी१००० सारखं कार्ड १५६ मिमी लांब आहे, आरटीएक्स ए२००० १६७ मिमी, आरटीएक्स ३०५० ची लो प्रोफाइल कार्डं १७० ते १८० च्या घरात. साटाच्या (हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्हच्या) वायरी कुठून जातात तेही बघा, वळलेली वायर पंख्यात अडकली तर वेगळाच त्रास. मोजमाप झालं की वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा, फोटोत फुटपट्टी दिसू द्या.

३. एसएमपीएसचं स्टिकर वाचा

इथे खरा कस लागतो. स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो, तसा नियमच आहे, आणि एसएफएफ डब्यात वेगळी ६ पिन किंवा ८ पिन वायर येतच नाही. म्हणजे वायर लागणारं कार्ड घ्यायचंच नाही. काही ऑफिस मॉडेल्समध्ये कंपनीने स्लॉटला ७५ पेक्षाही कमी मर्यादा घातलेली असते, ती त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. डेलचं मॅन्युअल सर्व्हिस टॅग टाकून मिळतं, लेनोवोची माहिती त्यांच्या पीएसरेफ या साइटवर मॉडेलप्रमाणे असते.

आता एकूण किती वॅट. ऑप्टिप्लेक्स ९०२० एसएफएफला २५५ वॅट, ७०५० एसएफएफला १८० वॅट, ७०६० एसएफएफला २०० वॅट असा एसएमपीएस येतो. नवीन मॉडेलमध्ये वॅट कमी झालेत हे बघून लोक चकित होतात. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलंय ते बघा, अँपिअर गुणिले १२ केलं की खऱ्या कामाचे वॅट निघतात, १५ अँपिअर असेल तर १८० वॅट.

समजा तुमच्याकडे आय५-६५०० आहे, त्याचे ६५ वॅट धरा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ३० ते ४० धरा. वर ७५ वॅटचं कार्ड टाकलं तर बेरीज १७०-१८० ला जाते. एसएमपीएस १८० चा असेल तर फुल लोडवर तो काठावरच चालणार, आणि काठावर चाललेला आठ-नऊ वर्षं जुना एसएमपीएस मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात कधी मान टाकेल सांगता येत नाही. तिथे ५० वॅटवालं कार्ड घेणं हेच शहाणपण. आय७-८७०० सारखा प्रोसेसर असेल तर अजून सावध राहा, त्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये (जोर लागल्यावर वेग वाढवतो तेव्हा) थोडा वेळ तो त्यापेक्षा बराच जास्त ओढतो.

आणि हे कळकळीने सांगतो, साटाच्या वायरीवरून ६ पिन किंवा ८ पिन काढून देणारे जे स्वस्त अडॅप्टर मिळतात ते वापरू नका. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅटसाठी बनवलेला आहे, ६ पिनवालं कार्ड त्यातून ७५ आणि ८ पिनवालं १५० पर्यंत मागू शकतं. कनेक्टर वितळतो, जळतो, घरात पोरंबाळं असतात. "मोठा एसएमपीएस टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, या डब्यांचे एसएमपीएस आकाराने आणि पिनने वेगळे असतात, बाजारातला साधा एटीएक्स त्यात बसत नाही.

४. स्लॉट खरा किती रुंद आहे

दिसायला लांब असलेला प्रत्येक स्लॉट आतून पूर्ण जोडलेला नसतो. एचपीच्या एलिटडेस्क ८०० एसएफएफमध्ये दोन लांब स्लॉट दिसतात, त्यातला एक खरा एक्स १६ आणि दुसरा आतून एक्स ४. बोर्डावर स्लॉटच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारून वाचा.

दुसरं म्हणजे पिढी. इंटेलच्या १० व्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप पीसीआय एक्सप्रेस (कार्डाच्या स्लॉटचं तंत्र) ३.० वर आहेत, ४.० तिथून पुढे आलं. याचा फटका एएमडीच्या आरएक्स ६४०० ला बसतो, कारण त्या कार्डाला मुळात चारच लेन आहेत. ४.० वर ते ठीक पळतं, ३.० च्या जुन्या पीसीत त्याचा डेटा अर्ध्या रुंदीच्या पाइपातून येतो आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो.

५. तुम्हाला कार्ड खरंच लागतंय का

हे विचारायला लोकांना कमीपणा वाटतो, पण विचारा. ८ व्या पिढीच्या आय५ मधलं यूएचडी ६३० ग्राफिक्स ४के सिनेमे, ऑफिसची कामं, टॅली, साधं फोटोशॉप आरामात चालवतं. नुसता पीसी हळू वाटत असेल तर आधी एसएसडी आहे का बघा, आणि ८ जीबीची एकच रॅम असेल तर तशीच दुसरी लावा, दोन रॅम जोडीने चालल्या की आतल्या ग्राफिक्सलाही फरक पडतो.

कार्ड लागतं ते गेमिंगला, ब्लेंडर-सॉलिडवर्क्सला, दा विंची रिझॉल्व्हवर एडिटिंगला, किंवा तीन-चार मॉनिटर लावायचे असतील तेव्हा. यातलं तुमचं काम कुठलं ते एका वाक्यात लिहून ठेवा, दुकानात ते वाक्य वाचून दाखवा.

६. आता कार्डं

*जागा एकाच स्लॉटची असेल तर:*

एनव्हिडिया टी१००० हे माझ्या मते इथलं सगळ्यात भरवशाचं कार्ड आहे. ५० वॅट, एक स्लॉट, ४ किंवा ८ जीबी, आणि आतली चिप जीटीएक्स १६५० च्याच घराण्यातली आहे. वर्कस्टेशनचं कार्ड असलं तरी गेमही व्यवस्थित चालतात. मात्र मागे चारही आउटपुट मिनी डिस्प्लेपोर्टचे असतात, त्यामुळे मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय कनव्हर्टर वेगळा घ्यावा लागतो, सेकंड हँड घेताना तो मिळतोय का विचारा. बजेट कमी आणि काम फक्त जास्त मॉनिटर लावण्याचं असेल तर त्याचाच धाकटा भाऊ टी४००, ३० वॅटमध्ये काम भागतं.

आरएक्स ६४०० ची एका स्लॉटची लो प्रोफाइल कार्डं येतात, ५३ वॅट घेतात. गेमिंगला चांगलं, पण वर सांगितलेला चार लेनचा प्रश्न आहे, शिवाय यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) नाहीये. म्हणजे स्ट्रीमिंग किंवा एडिटिंग करणाऱ्याने घेऊ नये. दोनच आउटपुट असतात.

इंटेल आर्क ए३१० चं स्पार्कल कंपनीचं एका स्लॉटचं कार्ड ५० वॅटचं आहे. एव्ही१ (व्हिडिओ दाबायची नवी पद्धत) मध्ये एन्कोड करतं, घरात मीडिया सर्व्हर बनवायचा असेल तर फार छान. गेमिंगसाठी मात्र जुन्या पीसीत नको, कारण आर्कला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, इंटेल स्वतः १० व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर सांगतं, आणि जुन्या ऑफिस बोर्डांच्या बायोसमध्ये (पीसी चालू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) ती सोय नसते.

*दोन स्लॉटची जागा असेल तर:*

नवीन घ्यायचं असेल तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी, लो प्रोफाइल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॅट, वेगळी वायर लागत नाही, एमएसआय, गिगाबाइट, असूस तिघांचीही लो प्रोफाइल आवृत्ती आहे. डीएलएसएस (एआयने गेमचा वेग वाढवणारी सोय) मिळतं, नवीन एन्कोडर मिळतो, यूट्यूबचं एव्ही१ डिकोड होतं. ज्यांना एकच उत्तर हवंय त्यांना मी हेच सांगतो. फक्त ६ जीबी हे नीट बघा, कारण ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे वेगळंच कार्ड आहे, ते १३० वॅट घेतं आणि त्याला वायर लागते. नाव एकच आणि आत फरक एवढा, यात नवखा माणूस हमखास फसतो.

सेकंड हँडमध्ये जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल शोधा, ७५ वॅट. याच्या काही मोठ्या आवृत्त्यांना ६ पिन वायर लागते, म्हणून फोटोत कार्डाच्या कडेला कनेक्टर नाहीये ना ते बघून घ्या. जीटीएक्स १०५० टीआय सुद्धा लो प्रोफाइलमध्ये मिळतं पण ते २०१६ चं आहे, आणि एनव्हिडियाने त्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नवीन गेम ड्रायव्हर देणं थांबवलंय, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. फारच स्वस्त मिळत असेल तरच घ्या.

खिशात पैसे असतील आणि थ्रीडीचं, रेंडरिंगचं गंभीर काम असेल तर आरटीएक्स ए२०००. ७० वॅट, ६ किंवा १२ जीबी, ३०५० ६ जीबीपेक्षा वेगवान. १२ जीबीवालं घरच्या घरी छोटी एआय मॉडेल्स चालवायलाही उपयोगी पडतं.

आरटीएक्स ४०६० चीही लो प्रोफाइल आवृत्ती आहे हे बघून बरेच जण हुरळून जातात. बसतं ते, पण ११५ वॅट घेतं आणि ८ पिन मागतं. ऑफिसच्या डब्यासाठी नाहीच ते, स्वतः असेंबल केलेल्या छोट्या कॅबिनेटसाठी आहे.

*घेऊ नका:*

जीटी ७१० आणि जीटी ७३०. अजूनही दुकानात नवीन खोक्यात मिळतात, "४ जीबी ग्राफिक्स कार्ड" म्हणून विकतात, आणि नुसत्या जीबीवर भुलून लोक घेतात. यांच्या केप्लर पिढीचे गेम ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले, सुरक्षेचे अपडेटही २०२४ मध्ये संपले. तुमच्या ८ व्या पिढीच्या प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स बऱ्याच कामांत यांच्या बरोबरीचं असतं. जीटी १०३० घ्यायचंच असेल तर जीडीडीआर५ वालं, डीडीआर४ वालं अजिबात नाही, कारण त्याच्या मेमरीचा वेग ४८ वरून १६.८ जीबी प्रति सेकंदावर आलेला आहे आणि नाव मात्र तेच ठेवलंय.

७. खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली इथे फिरून भाव काढता येतो, पण लो प्रोफाइल कार्डं प्रत्येक दुकानात शेल्फवर नसतात, आधी फोन करून जा.

पहिली गोष्ट पट्टी. नवीन कार्डाच्या खोक्यात मोठी लावलेली आणि छोटी वेगळी अशा दोन्ही पट्ट्या बहुतेक वेळा येतात. सेकंड हँडमध्ये छोटी पट्टी हरवलेली असते आणि ती नंतर मिळवणं डोकेदुखी आहे, कारण प्रत्येक कार्डाची भोकं वेगळी. पट्टी नसेल तर सौदा करू नका, "तशीच चालेल हो" म्हणतील, पण पट्टीशिवाय कार्ड केबलच्या ओझ्याने स्लॉटमध्ये वाकतं.

दुसरी गोष्ट नकली कार्डं. जुन्या जीटीएक्स ५५० टीआयच्या चिपवर बायोस बदलून ती १०५० टीआय म्हणून विकली जातात, विंडोजमध्ये नावही तेच दिसतं. समोर चालू पीसीवर जीपीयू-झेड उघडायला सांगा, अशा कार्डांच्या नावापुढे ते "फेक" असं दाखवतं. विक्रेता पीसीवर लावून दाखवायला तयार नसेल तर तिथून निघा.

तिसरी, जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. सेकंड हँड असेल तर आधीच्या मालकाचं बिल मागा, वॉरंटी किती उरलीय ते सिरीयल नंबरवरून कळतं.

आणि तुमचा मॉनिटर व्हीजीएचा असेल तर आत्ताच लक्षात घ्या, वर घ्या म्हणून सुचवलेल्या एकाही कार्डाला व्हीजीए आउटपुट नाही. अ‍ॅक्टिव्ह कनव्हर्टर लागेल.

८. बसवताना

१. आधी बायोस अपडेट करा, कार्ड लावायच्या आधीच. इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू असतानाच करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो.
२. प्लग काढा, डब्याच्या लोखंडी भागाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते.
३. कार्डाची मोठी पट्टी काढून छोटी लावा. हे टेबलावर करा, कार्ड कडेने धरा.
४. मागची कोरी पट्टी काढा, कार्ड सरळ खाली दाबा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी टक् करून बसली पाहिजे.
५. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. स्क्रीन येत नाही अशा तक्रारींत पहिल्यांदा हेच तपासायचं.
६. चालू झाल्यावर ड्रायव्हर थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून घ्या.

स्क्रीन तरीही काळी असेल तर केबल परत मदरबोर्डला लावून बायोसमध्ये जा आणि प्रायमरी डिस्प्ले ऑटो किंवा पीसीआय एक्सप्रेसवर ठेवा. जुन्या पीसीत बूट मोड लेगसी (पीसी चालू करायची जुनी पद्धत) असेल तर नवीन कार्ड सुरुवातीचा डिस्प्ले देत नाही असं होऊ शकतं, तिथे यूईएफआय (नवी पद्धत) करावं लागतं, पण विंडोज लेगसीमध्ये टाकलेलं असेल तर नुसता मोड बदलून ते बूट होणार नाही, आधी डिस्क जीपीटी (यूईएफआयला लागणारी डिस्कची मांडणी) करून घ्यावी लागते. डेटाचा बॅकअप घेऊनच याला हात घाला.

९. पहिल्याच दिवशी तपासा

जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसच्या रांगेत किती लेन मिळतात ते बघा. तिथे १.१ असं दिसलं तर घाबरू नका, रिकामं असताना कार्ड वेग कमी करतं, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून टेस्ट चालू केली की खरा आकडा येतो.

मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्राम) किंवा तुमचा नेहमीचा जड गेम अर्धा तास चालवा, झाकण लावून. उघड्या डब्यात सगळंच थंड राहतं, त्याचा उपयोग नाही. तापमान ८० च्या आत राहिलं तर उत्तम, ८५ च्या वर जात असेल तर डबा भिंतीपासून दूर करा, पुढच्या जाळीतली धूळ काढा, आडवा ठेवला असेल तर उभा करून बघा. लोड आल्याबरोबर पीसी एकदम बंद होऊन परत चालू होत असेल तर तो बहुतेक एसएमपीएसचा प्रश्न आहे, ड्रायव्हरमागे वेळ घालवू नका. अशा वेळी एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट कमी करता येत असेल तर ७०-८० टक्क्यांवर आणून बघा, नाहीतर परत करायची मुदत संपायच्या आत कार्ड कमी वॅटच्या कार्डाशी बदलून घ्या.